शंकर नाग : मराठी रंगभूमीवर घडलेला कन्नड दिग्दर्शक

बंगळुरू, ३० सप्टेंबर : कन्नड चित्रपटसृष्टीतील अभिनेते व दिग्दर्शक शंकर नाग यांचा आज स्मृतिदिन. १९९० साली याच दिवशी दावणगेरेजवळ झालेल्या मोटार अपघातात त्यांचे निधन झाले, त्या वेळी त्यांनी वयाची छत्तीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. चित्रपटातील त्यांची कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची. तरीही बंगळुरूच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या कितीतरी रिक्षांच्या मागे आजही त्यांचे चित्र रंगविलेले दिसते आणि देशभरातील एका संपूर्ण पिढीला त्यांची 'मालगुडी डेज' ही दूरदर्शन मालिका आपल्या बालपणाचाच एक भाग वाटते. रिक्षाचालकांचा लाडका नायक आणि आर. के. नारायण यांच्या संयत कथांचा दिग्दर्शक ही एकाच माणसाची दोन रूपे होत, हे अनेकांच्या ध्यानीही येत नाही. त्याहून कमी जणांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, या माणसाने नाटकाचे धडे गिरविले ते मुंबईत, मराठी रंगभूमीच्या सहवासात.

शंकर नागरकट्टे यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावर तालुक्यात मल्लापूर येथे झाला. घरची भाषा कोकणी. तो जिल्हा त्या काळी मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि तो तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. पण नकाशावरची रेघ सरकली म्हणून माणसांच्या वाटा लगेच बदलत नाहीत. कारवार, होन्नावर, भटकळ या पट्ट्यातील सुशिक्षित कुटुंबांतील मुले पुढेही दीर्घकाळ शिक्षणासाठी व नोकरीसाठी मुंबईचीच वाट धरीत राहिली. शंकर यांचे थोरले बंधू अनंत असेच मुंबईला आले, कोकणी आणि मराठी नाटकांत रमले आणि १९७४ साली श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मुळे देशभर पोहोचले. धाकट्या भावासाठी ती वाट आता मळलेली होती.

सत्तरच्या दशकातील मुंबई नाटकवेड्या तरुणाला सर्वस्वी झपाटून टाकील अशीच होती. विजय तेंडुलकर यांची नाटके वादळे उठवीत होती, सत्यदेव दुबे यांच्या तालमींत हिंदी व मराठी नट एकत्र घडत होते, दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांची चळवळ मूळ धरीत होती आणि विजया मेहता व्यावसायिक रंगमंचावरही प्रयोगशील नाटके उभी करीत होत्या. तुटपुंज्या साधनांत, नोकरी सांभाळून, रात्री उशिरापर्यंत तालमी करणाऱ्या हौशी पण कडक शिस्तीच्या नटमंडळींची ती दुनिया होती. शंकर नाग तीत ओढले गेले. नाटकाच्या तालमींतच त्यांची अरुंधती राव यांच्याशी ओळख झाली. मुंबईत वाढलेल्या अरुंधती मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही रंगभूमींवर वावरलेल्या होत्या. पुढे १९८० साली दोघे विवाहबद्ध झाले.

मराठीशी असलेले हे नाते प्रेक्षकाच्या खुर्चीपुरते नव्हते. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या निमित्ताने झालेल्या जुलमाचा सूड म्हणून चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. त्या प्रसंगावर नचिकेत व जयू पटवर्धन या वास्तुविशारद दाम्पत्याने '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट काढला. १९७९ सालच्या या चित्रपटाचे संवाद तेंडुलकरांचे होते आणि पटकथा लिहिणाऱ्यांत शंकर नाग होते. राष्ट्रीय पारितोषिक मिळविणारा हा चित्रपट अत्यंत संयमाने, जवळजवळ दस्तऐवजासारखा चित्रित केलेला आहे. त्यात कोणी आवेशाने बोलत नाही, कोणी पल्लेदार संवाद फेकत नाही. 'मालगुडी डेज' आठवणाऱ्या वाचकाने हा मराठी चित्रपट अवश्य पाहावा. दोन्हींच्या शांत स्वरातील साम्य त्याला जाणवल्यावाचून राहणार नाही.

कन्नड पडद्यावर त्यांना आणले ते गिरीश कर्नाड यांनी. कर्नाडही मुंबई आणि मराठी नाटक यांच्याशी जवळचा परिचय असलेले. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या सामुराईपटांना वंदन म्हणून त्यांनी १९७८ साली 'ओंदानोंदु कालदल्ली' काढला. मध्ययुगीन कर्नाटकात, दोन सरदार भावांच्या वैरात पैशासाठी तलवार चालविणाऱ्या भाडोत्री योद्ध्याची ही कथा. त्या गंडुगलीची भूमिका शंकर नाग यांनी केली. पहिल्याच भूमिकेसाठी १९७९ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला.

अशा आरंभानंतर एखादा नट वर्षाकाठी एखाददुसरा निवडक चित्रपट करीत प्रतिष्ठा जपत राहिला असता. शंकर नाग यांनी नेमके उलट केले. १९८० साली विजय यांनी दिग्दर्शित केलेला 'ऑटो राजा' आला आणि खाकी सदऱ्यातला हा रिक्षावाला झोपडपट्ट्यांपासून बसस्थानकांपर्यंत सर्वांना आपला वाटू लागला. मागोमाग मारामारीचे, पोलिसी कथांचे, सूडाचे चित्रपट येत राहिले. १९८८ चा 'सांग्लियाना' त्यांतला सर्वांत गाजलेला. कारकिर्दीच्या त्या अल्पकाळात त्यांनी ऐंशीहून अधिक चित्रपटांत काम केले. यांतले कित्येक आज पाहवत नाहीत, हेही स्पष्टच सांगितले पाहिजे. ठरावीक कथा, घाईने उरकलेली चित्रीकरणे, ओढूनताणून बसविलेली गाणी यांची त्यांत कमतरता नाही. ही कामे ते का स्वीकारीत, याचे उत्तर त्यांच्या दुसऱ्या उद्योगांत सापडते. नाटक, स्वतःचे चित्रपट आणि स्वतःची यंत्रसामग्री यांना लागणारा पैसा नायकाच्या मानधनातून उभा राहत होता.

बंगळुरूला स्थायिक होताच शंकर आणि अरुंधती यांनी सहकाऱ्यांसह 'संकेत' ही नाट्यसंस्था उभारली. कर्नाड यांचे 'अंजुमल्लिगे' हे नाटक शंकर यांनी बसविले. त्यानंतर संस्थेने जी नाटके कन्नड रंगमंचावर आणली, त्यांत जयवंत दळवी यांची दोन नाटके आहेत, 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया'. ही निवड सहज झालेली नसावी. 'बॅरिस्टर'मधील जुन्या वाड्यातला कोंडमारा, वैधव्याची रूढी आणि कुटुंबात दबा धरून बसलेले वेडाचे भय. 'संध्याछाया'तील, दूर गेलेल्या मुलांची वाट पाहत एकमेकांच्या आधाराने दिवस ढकलणारे नाना आणि नानी. दोन्ही नाटके मराठीत मोठ्या ताकदीने सादर झालेली होती. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात घडणारी ही नाटके बंगळुरूच्या मल्लेश्वरम किंवा बसवनगुडीतील प्रेक्षकाला परकी वाटण्याचे काही कारण नव्हते. तेथेही मुले परदेशी निघाली होती आणि घरे रिकामी होत होती. मराठी नाटकाची अनेक भाषांत भाषांतरे झाली आहेत, परंतु लोकप्रियतेच्या शिखरावरचा एक चित्रपटनायक दिवसभर चित्रीकरण करून संध्याकाळी दळवींच्या नाटकाच्या तालमीला उभा राहतो, हे दृश्य विरळाच.

'नोडी स्वामी नाविरोदु हीगे' या विनोदी नाटकाने संस्थेला हुकमी प्रेक्षक मिळवून दिला. पुढे त्याच नावाचा चित्रपटही निघाला. रमेश भट यांच्यासारखे सहकारी नाटकातून त्यांच्या चित्रपटांत आणि मालिकेत आले. शिकागो येथे राहून कर्नाड यांनी लिहिलेले 'नागमंडल' हेही शंकर नाग यांनी रंगमंचावर आणले. ते त्यांच्या अखेरच्या महत्त्वाच्या नाट्यकामांपैकी एक ठरले.

दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट 'मिंचिन ओट', साल १९८०. मोटारी चोरणाऱ्या तिघांची ही गोष्ट. अनंत व शंकर हे दोघे बंधू आणि लोकनाथ यांच्या त्यात मुख्य भूमिका आहेत आणि नायिका आहेत प्रिया तेंडुलकर. पुढे 'रजनी' म्हणून घरोघरी पोहोचलेल्या या मराठी अभिनेत्रीला कन्नड पडद्यावर आणण्यामागे मुंबईतले ते जुने ऋणानुबंध असावेत, असे मानायला जागा आहे. हा चित्रपट वेगवान आहे, चोरांविषयी त्याला आपुलकी आहे, पण त्यांचा खोटा गौरव तो करीत नाही. कर्नाटक राज्याची सात पारितोषिके त्याने मिळविली. त्यापाठोपाठ 'जन्म जन्मद अनुबंध' आणि १९८१ साली 'गीता' आला. 'गीता'ची इळयराजा यांनी स्वरबद्ध केलेली गाणी आजही कर्नाटकात रेडिओवर आणि बसगाड्यांत ऐकू येतात. चित्रपट म्हणून 'गीता' भावविवशतेकडे झुकतो. गाण्यांनी त्याला तारले.

त्यांचा सर्वांत धारदार चित्रपट 'अ‍ॅक्सिडेंट'. नशेत मोटार चालविणारा एका वजनदार राजकारण्याचा मुलगा पदपथावर झोपलेल्या गोरगरिबांना चिरडतो. त्यानंतर पुरावे नाहीसे करण्याचा, साक्षी फिरविण्याचा आणि प्रकरण दडपण्याचा जो खटाटोप चालतो, तो या चित्रपटाचा खरा विषय. त्या राजकारण्याची भूमिका अनंत नाग यांनी केली, तर सत्याचा पाठपुरावा करणाऱ्या पत्रकाराची शंकर यांनी. इतर सामाजिक विषयांवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. पदपथावरच्या झोपलेल्या माणसांना चिरडणाऱ्या गाड्या आणि त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळणारे खटले आपल्या महानगरांनी पुढे प्रत्यक्षात पाहिले. हा चित्रपट त्यांच्या कितीतरी आधीचा, आणि आज पाहतानाही तो जुना वाटत नाही.

याच सुमारास 'मालगुडी डेज'चे काम त्यांच्याकडे आले. निर्माते होते टी. एस. नरसिंहन. आर. के. नारायण यांनी १९३५ साली 'स्वामी अँड फ्रेंड्स' या कादंबरीतून मालगुडी हे काल्पनिक गाव वसविले आणि पुढे आयुष्यभर ते त्या गावातच लिहीत राहिले. त्यांच्या 'गाइड' या कादंबरीवर १९६५ साली देव आनंद यांचा प्रसिद्ध हिंदी चित्रपट आला, तेव्हा कथा मालगुडीतून उचलून राजस्थानातील राजवाडे आणि झगमगाट यांत नेऊन ठेवलेली पाहून ते अतिशय खट्टू झाले होते आणि ती नाराजी त्यांनी लेखातून जाहीरही केली होती. अशा लेखकाचे गाव पुन्हा पडद्यावर उभे करणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता.

शंकर नाग यांनी त्यासाठी शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे निवडले. पश्चिम घाटाच्या माथ्यावरचे हे चिमुकले गाव प्रचंड पावसासाठी ओळखले जाते. उतरत्या कौलांची घरे, लाकडी खांबांच्या पडव्या, एकच मुख्य रस्ता आणि भोवती दाट जंगल असा तो परिसर. गावातील 'दोड्डमने' हा जुना चौसोपी वाडा स्वामीचे घर झाला. कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनी गावातच मालगुडीची दुकाने, पाट्या आणि पुतळा उभा केला. नारायण यांचे धाकटे बंधू, मुंबईकर व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी रेखाचित्रे काढून दिली, एल. वैद्यनाथन यांनी जी शीर्षकधून बांधली, ती आजही दोन सुरांत ओळखता येते. स्वामीच्या भूमिकेत मास्टर मंजुनाथ, कडक शिस्तीच्या वडिलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड, आईच्या भूमिकेत वैशाली कासरवळ्ळी आणि 'व्हेंडर ऑफ स्वीट्स'मधील वृद्ध मिठाईवाल्या जगनच्या भूमिकेत, त्या वेळी चाळिशीही न गाठलेले अनंत नाग. उर्वरित बहुतेक नट कन्नड रंगभूमीवरून आले होते.

या मालिकेचे यश कशात आहे, याचा विचार करताना आधी नजरेत भरते ती तिची गती. 'हम लोग' आणि 'बुनियाद' यांनी प्रेक्षकाला पुढच्या भागाची ओढ लावली होती. शंकर नाग यांनी ओढ लावण्याचा प्रयत्नच केला नाही. एक मुलगा शाळेत जायचे टाळतो, एक टपालवाला वाईट बातमीचे पत्र दडवून ठेवतो, एक ज्योतिषी आपल्याच भूतकाळाला सामोरा जातो. एवढ्याशा घटनेवर एक भाग उभा राहतो आणि संपतो. कॅमेरा मुलांच्या उंचीवर असतो. मोठी माणसे मुलांना हसत नाहीत आणि दिग्दर्शकही कोणाला हसत नाही. मारामारीच्या चित्रपटांत सकाळ-संध्याकाळ धावणाऱ्या माणसाने एवढा निवांतपणा कोठून आणला असेल, असा प्रश्न पडतो. आमच्या मते, ही मालिका त्यांचे सर्वश्रेष्ठ काम आहे, आणि ते तसे आहे कारण येथे त्यांनी घाई केली नाही. त्यांनी एकूण ३९ भाग दिग्दर्शित केले. २००६ साली कविता लंकेश यांनी आणखी १५ भाग केले, पण मालगुडी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ते आगुंबेच. शिवमोग्गा जिल्ह्यातीलच अरसाळू येथील जुन्या रेल्वे स्थानकावर मालिकेतील काही दृश्ये चित्रित झाली होती. त्या इमारतीत रेल्वेने अलीकडे मालगुडी संग्रहालय उभारले आहे.

१९८७ साली त्यांनी आणखी एक अवघड प्रयोग केला. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांच्या 'द पर्ल' या छोटेखानी कादंबरीवर आधारित 'ओंदु मुत्तिन कथे'. समुद्रातून असामान्य मोती मिळालेल्या आणि त्यापायी सर्वस्व गमावणाऱ्या गरीब पाणबुड्याच्या भूमिकेत त्यांनी चक्क डॉ. राजकुमार यांना घेतले. कन्नड जनतेने देवत्व बहाल केलेल्या नटाला हरणाऱ्या माणसाची भूमिका देणे हे धाडस होते. पाण्याखालच्या चित्रीकरणाचे आव्हानही त्या काळी लहान नव्हते. राजकुमार यांच्या नेहमीच्या लोकप्रिय चित्रपटांच्या पंक्तीत हा चित्रपट बसला नाही, हेही खरे.

तंत्राविषयीची त्यांची आस्था केवळ चित्रीकरणापुरती नव्हती. कन्नड चित्रपट दीर्घकाळ मद्रासच्या आश्रयाने वाढला. चित्रीकरण कर्नाटकात झाले, तरी ध्वनिमुद्रण आणि पुढील संस्कार यांसाठी पेट्या घेऊन मद्रास गाठावे लागे. प्रवास, मुक्काम, स्टुडिओच्या तारखा यांत निर्मात्याचे दिवस आणि पैसे जात. शंकर नाग यांनी बंगळुरूमध्ये 'संकेत'च्याच नावाने इलेक्ट्रॉनिक ध्वनिमुद्रणाची व्यवस्था उभारली. भाषेचा अभिमान भाषणांतून व्यक्त करणारे पुष्कळ होते. भाषेसाठी यंत्रे आणणारे थोडे. राजकारणातही त्यांनी थोडे लक्ष घातले. दोघे बंधू रामकृष्ण हेगडे यांच्या जनता पक्षाच्या प्रचारात उतरले होते. शहर वाढणार आणि रस्ते अपुरे पडणार, हे ओळखून त्यांनी बंगळुरूसाठी मेट्रो रेल्वेची कल्पना मांडली होती आणि परदेशांतील अशा व्यवस्थांची माहितीही मिळविली होती. नंदी टेकड्यांवर रज्जुमार्ग व्हावा, असाही त्यांचा आग्रह होता. त्या काळी ही स्वप्ने एका नटाचा छंद म्हणून बाजूला पडली. बंगळुरूची पहिली मेट्रो प्रत्यक्षात धावली ती २० ऑक्टोबर २०११ रोजी, बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता या मार्गावर.

१९९० च्या सप्टेंबरअखेरीस ते चंद्रशेखर कंबार यांच्या 'जोकुमारस्वामी' या नाटकावरील चित्रपटाच्या कामासाठी उत्तर कर्नाटकाकडे निघाले होते. सोबत पत्नी व लहान मुलगी होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे दावणगेरेलगतच्या आनगोडु गावाजवळ त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. शंकर नाग यांचा मृत्यू झाला. अरुंधती गंभीर जखमी झाल्या, पण त्या आणि मुलगी बचावल्या. तो रस्ता म्हणजे बंगळुरूहून हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे करीत मुंबईला जाणारा राष्ट्रीय महामार्ग. त्या काळी तो बहुतांश दुपदरी होता आणि रात्रभर मालमोटारींनी वाहत असे. वेळ वाचविण्यासाठी रात्रीचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी कामाला उभे राहण्याची पद्धत तेव्हा नाटक आणि चित्रपट या दोन्ही व्यवसायांत रूढ होती. मराठी नाटकमंडळींच्या बसगाड्यांनीही या महामार्गावर आपली माणसे गमावली आहेत. बातमी कळताच बंगळुरूत अंत्यदर्शनासाठी प्रचंड गर्दी लोटली. त्यांचे काही चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाले.

मुंबईत जुहूला शशी व जेनिफर कपूर यांनी १९७८ साली पृथ्वी थिएटर उभारले, तसे केवळ नाटकासाठी असलेले, रोज प्रयोग होणारे रंगमंदिर बंगळुरूत असावे, असे शंकर आणि अरुंधती यांनी मिळून योजिले होते. अपघातातून सावरल्यानंतर अरुंधती नाग यांनी ते काम हाती घेतले. शासनाकडून जागा, कंपन्यांकडून आणि सामान्य रसिकांकडून निधी, सहकाऱ्यांचे श्रम असे एकेक जमवीत त्यांना चौदा वर्षे लागली. जे. पी. नगरमधील 'रंगशंकर' ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाले. कन्नडबरोबरच इतर भाषांतील नाटकेही तेथे होतात, तिकिटांचे दर सामान्य प्रेक्षकाला परवडतील असे ठेवले जातात आणि नाटक ठरल्या वेळी सुरू होते. घंटा झाल्यावर दार बंद होते. उशिरा आलेल्याला, तो कोणीही असो, आत सोडले जात नाही.